धोंडीराम बेंडकुळेची दुबार नोंद

धोंडीराम सखाराम बेंडकुळे बुधवारी सकाळी पुसला गेला. पण तसं काही घडलंच नाही. पुसलेली नोंद मुळात कधी नव्हतीच, असा नियम होता. आणि जो कधी नव्हता, त्याला पुसणार तरी कसं?

तर हा न घडलेला माणूस प्रसूतिगृहाच्या काचेच्या दाराशी उभा होता. आत बायकोला, मीनलला, कळा सुटल्या होत्या आणि दार हलत नव्हतं. त्या काळी दारांना माणसं दिसत नसत, नोंदी दिसत. राज्यातल्या प्रत्येकाची एका अवाढव्य तक्त्यात एक ओळ होती. ओळ असली की दार उघडे, औषध मिळे, चहाचं यंत्रही साखर किती म्हणून विचारी.

त्यानं दाराशेजारचं मदतीचं बटण दाबलं. पडद्यावर डॉ. ऋजुता केळुसकर आल्या. दुबारनाश, म्हणजे दोनदा आलेल्या नोंदी शोधून जादा ती काढण्याची मोहीम, त्यांचीच. मदतकक्षातली माणसं सकाळीच दुबार निघाली होती, म्हणून फोन त्या स्वतः घेत होत्या.

"मॅडम, मी एकच आहे हो!"

"तक्त्यात दोन होता. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्माचा दिवस आणि महिना जुळणाऱ्यांचे एसक्यूएलनं, म्हणजे तक्त्याला प्रश्न विचारायच्या संगणकभाषेनं, गट पाडले. गटात एकाहून जास्त निघाले, की सगळ्यात जुनी ओळ ठेवायची, बाकीच्या साफ."

"अहो, ते माझे आजोबा! आमच्यात नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात. धोंडीरामचा सखाराम, सखारामचा धोंडीराम."

"आणि दोघांची जन्मतारीखही एक जून?"

"त्यांना मास्तरांनी लावली. मला आईनं, शाळेत वेळेवर घालायला."

"छान. घरचीच कॉपी-पेस्ट."

"वर्ष तरी बघायचं!"

"जुन्या नोंदींत वर्षंच धड नाहीत हो."

"मग आजोबांच्या ओळीवर दार उघडा."

"ती मयत आहे. तिला फक्त शवागाराचं दार उघडतं."

एवढ्यात आतून बाळाचं रडणं आलं. धोंडीराम काचेला नाक लावून हसला. दारावर अक्षरं उमटली: मुलगी. वडील: धोंडीराम सखाराम बेंडकुळे (मयत). आई: विधवा. भाऊ: सखाराम. ताबा: भावाकडे.

"मॅडम... सखाराम माझे वडील."

"म्हणजे ही तुमची आत्या," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे, तुम्ही असता तर."

"हे उलटवता येतं ना?"

"येतं. शिल्लक राहिलेल्या नोंदीची संमती लागते."

आत मीनल त्याच्या नावानं हाका मारत होती. धोंडीरामनं दारालाच टेकून अर्ज लिहिला:

"तरी कै. धोंडीराम सखाराम बेंडकुळे यांनी कार्यालयीन वेळेत, जिवंत अंगठ्यासह समक्ष हजर राहून, अर्जदार म्हणजे आपण नव्हे, असे लेखी द्यावे, ही नम्र विनंती."