शंभर वॅटची माणसं

मानवजातीने थंडीवर कायमचा विजय मिळवला होता. नाशिकच्या इंदुमती खैरनार हा विजय दोन स्वेटर, कानटोपी आणि कैलासवासी यजमानांचे पायमोजे घालून साजरा करत होत्या.

तापलेली पृथ्वी निववायला शास्त्रज्ञांनी आकाशात धुळीचा पडदा सोडला. तो जरा दाटच झाला, आणि जानेवारीत गोदावरी गोठू लागली. मग घरोघर दुहेरी काचेच्या खिडक्या आल्या. दोन काचांमध्ये पोकळी, तिच्यात हवासुद्धा नाही. उष्णता बाहेर जाणार कुणाच्या खांद्यावर बसून? विजेची एवढी बचत झाली की सरकारने हीटर काढूनच नेले.

"काच ठणठणीत आहे, काकू," तपासणीला आलेली काचशास्त्रज्ञ केतकी सबनीस म्हणाली.

"मग मी का कुडकुडतेय?"

"काच ऊब राखते, तयार करत नाही. थर्मासात गार चहा ओतला तर गारच राहणार ना? ऊब आपण द्यायची. एक माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा. या घराला दोन दिवे लागतात."

"एक दिवाळीत विझला."

"पण संक्रांतीची हळदीकुंकवं आम्ही हिशेबात धरलीत. 'सणऊब' म्हणतो आम्ही. वीस बायका तासभर बसल्या की घर रात्रभर गरम."

समोर वैशंपायनांकडे हळदीकुंकूच चाललं होतं. तिथल्या बायका शाली उतरवून पदराने वारा घेताना इंदुताईंनी मघाशी दाराच्या भिंगातून पाहिल्या होत्या.

"विधवेला कोण बोलावतं गं? आणि तिच्याकडे कोण येतं?"

हे विज्ञानाच्या लक्षात आलं नव्हतं. आलं होतं असं निघालं असतं तर आणखी पंचाईत.

"विधवा... सरासरीत येतात, काकू."

"बरं झालं. कुठेतरी येतात."

केतकीने भिंतीवरचा मापक पाहिला. रोज पहाटे त्याचा आकडा सरकारकडे जाई. बारा अंशांच्या खाली घर गेलं की त्याला कुलूप लागे आणि माणसाची रवानगी 'ऊबघरात' होई: एक दालन, चाळीस अनोळखी खाटा. इंदुताईंचं घर बाराच्या जेमतेम वर होतं. एकट्या माणसाच्या मानाने जास्तच.

"काकू, तुमच्या अंगातून सव्वाशे वॅट निघतायत. ताप आहे?"

"परवापासून. मापक खाली घसरायचा थांबलाय तोही तेव्हापासूनच."

"अहो, ताप एक अंश चढला की शरीराची भट्टी दहा-बारा टक्के जोरात पेटते. जळतं ते तुमचं शरीर! छातीही घरघरतेय तुमची." केतकीने पर्समधून तापाची गोळी काढली, पाण्याचा पेला पुढे केला. "आत्ताच्या आत्ता घ्या. जिवावर बेतेल. मी डॉक्टरांना बोलावते."

इंदुताईंनी गोळी तळहातावर घेतली. मग मापकाकडे पाहिलं.

"आकडा पहाटे जातो ना गं सरकारकडे?"

"हो."

"मग ही उद्या सकाळी चहाबरोबर घेतली तर चालेल का?"