मंडपात वायर नको

उमाकांतचा पाय वायरीत अडकला, तेव्हा वधूवरांचे हात एकमेकांच्या गळ्यात हार घालायला नुकते वर गेले होते. वायरीच्या एका टोकाला कावेरीचा कॅमेरा होता आणि दुसऱ्या टोकाला, मंडपाच्या पलीकडच्या कडेला, तिवईवर लावलेला फ्लॅश. तिवई कलंडली आणि नुकताच पेटून गेलेला गरम बल्ब मल्हाररावांच्या रेशमी उपरण्यावर पडला. उपरण्याला रुपयाएवढं भोक पडलं.

कावेरीने मात्र कॅमेरा डोळ्यापासून हलवला नाही. कॅमेऱ्यावरच्या एका दिव्यावर तिने हार पडतानाचा फोटो घेतला, आणि मगच त्या धडपडलेल्या माणसाकडे वळली.

"पायाखाली बघून चालत नाहीत का तुमच्या पुण्यात?"

"मी पुण्याचा, हे कसं ओळखलंत?"

"चूक तुमची, आणि प्रश्नही तुम्हीच विचारताय... त्यावरून. आता स्वल्प बाजूला व्हा, वायर गुंडाळायची आहे."

तो बाजूला झाला, पण निघून गेला नाही. गुडघ्यावर बसून वायर सोडवू लागला. उंच, सडपातळ, चष्मा घसरलेला, आणि कान लालबुंद झालेले. कावेरीला त्याचा राग आला होता हे खरं, पण त्या कानांकडे बघून तिला हसूही येत होतं. हेही खरंच.

हसू फार टिकलं नाही. मल्हाररावांनी तिथेच जाहीर केलं की महिन्याभराने त्यांच्या मुलीचं, विद्याचं, लग्न आहे आणि त्या मंडपात वायर नको म्हणजे नको. बायकामुलांचे पाय पडतात, अपशकुन होतो. एका दिव्यात जमत असेल तर कावेरीने फोटो काढावेत, नाहीतर कॅन्टोन्मेंटातला फोटोग्राफर बोलावता येईल.

यातली मेख कावेरीला ठाऊक होती. चामराजपेटेतला फोटो स्टुडिओ तिचे वडील नरसिंहराव यांचा. मोतीबिंदूमुळे त्यांचं बाहेरचं काम सुटलं होतं, आणि पुतण्या त्रिविक्रम त्या जागेत साड्यांचं दुकान टाकायला टपून बसला होता. नरसिंहरावांनी लेकीला स्पष्ट सांगितलं होतं, विद्याच्या लग्नाचं काम एकटीने चोख केलंस तर किल्ली तुझी, नाहीतर त्रिविक्रमची. आणि चोख म्हणजे एकच फोटो. अंतरपाट दूर होतो आणि नवरानवरी एकमेकांना बघतात, तो. समोरासमोर उभे असतात दोघं. एकाच दिव्यात नवऱ्याचा चेहरा उजळला की नवरीचा अंधारात जातो. त्यासाठी नवऱ्याच्या खांद्यामागून दुसरा दिवा हवाच, आणि दिवा म्हटला की वायर आली.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी उमाकांत स्टुडिओच्या पायरीवर हजर. जालहळ्ळीच्या सरकारी कारखान्यात तो वायरलेसचा इंजिनिअर होता, आणि विद्याचा होणारा नवरा त्याच्याच विभागातला. "वायर माझ्यामुळे गेली," तो म्हणाला, "तेव्हा वायरीशिवाय दिवा लावून देणं माझ्याकडे लागलं."

मग तो रोज येऊ लागला. जालहळ्ळीहून चामराजपेटेला यायला दोन बस बदलाव्या लागत. बाहेर टपटप पाऊस, आत ताज्या कॉफीचा वास, आणि टेबलावर त्याच्या दोन पेट्या. एक रेडिओची. हातातली कळ दाबली की लहरी निघायच्या आणि पलीकडचा दिवा पेटायचा. हिच्यावर त्याचा फार जीव होता. दुसरी साधी, जुन्या सिनेमायंत्रातून काढलेल्या काचेच्या डोळ्याची. कॅमेऱ्यावरचा दिवा चमकला की डोळ्याला दिसायचं आणि तो आपला दिवा पेटवायचा. नुसत्या उजेडावर काम.

रेडिओवरचा दिवा पहिल्या फटक्याला पेटला आणि उमाकांतचा चेहरा खुलला. मग बाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारली आणि तिच्या ठिणगीच्या लहरीने नवा बल्ब आपोआप पेटून विझला. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटतो, मग तो फेकायचाच. शिवाय असल्या यंत्राला सरकारी परवाना लागतो, हेही त्याने जरा दबक्या आवाजात कबूल केलं.

"मला डोळाच चालेल," कावेरीने ठरवून टाकलं.

"रेडिओ पुढे जाणार बघा. आणखी थोडे दिवस दिलेत तर..."

"लग्न पुढच्या आठवड्यात आहे. तुमचा रेडिओ कोणाचंही ऐकतो. मला माझंच ऐकणारं हवं."

"यंत्र ना?" त्याने चष्म्यावरून बघत विचारलं.

"यंत्रच," ती म्हणाली, आणि कॉफीचा पेला उगीचच पुन्हा विसळायला गेली. त्या संध्याकाळी दारात पावलं वाजली नसती तर आपल्याला करमलं नसतं, हे तिला तिथे नळापाशी कळलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सीमांतपूजन होतं. तिथे डोळ्याची परीक्षा झाली आणि डोळा नापास झाला. वऱ्हाडातल्या एका हौशी काकांनी आपला नवा कॅमेरा काढला, त्याचा फ्लॅश चमकला, आणि कावेरीचा दिवा इमानाने त्याच्यासाठी पेटला. दुसरा बल्ब लावेपर्यंत पूजन उरकलं होतं. डोळ्याला उजेड कळत होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं. काकांना फोटो काढू नका असं कोण सांगणार? ते वरपक्षाचे. त्रिविक्रम लांबून सगळं बघत होता आणि पान चघळत होता.

उमाकांतचा चेहरा उतरला. "वायरच टाकू या का? मी तिच्यावर पाय देऊन उभा राहीन."

"वायर नको म्हटलंय," कावेरी म्हणाली. "म्हणजे नको."

सकाळी साडेदहाचा मुहूर्त. छत्रातला, म्हणजे लग्नाच्या कार्यालयातला, मंडप तसा अंधाराच, खिडक्या उंचावर. भटजींनी अंतरपाटाची घडी मोडली, स्वस्तिक काढलेलं पांढरं कापड दोघांच्या मध्ये धरलं, आणि कावेरी त्या कापडाकडे बघतच राहिली. मुहूर्ताआधी एकमेकांना दिसायचं नाही, म्हणून मध्ये कापड. वेळ आली की दूर. एवढं सोपं होतं ते.

तिने कॅमेऱ्याच्या पिशवीतलं काळं फडकं ओढून काढलं आणि उमाकांतच्या हातात दिलं.

"नवऱ्याच्या मागे दिव्यापाशी उभे राहा. हे पेटीच्या डोळ्यावर धरा. मी मान हलवली की काढा. त्याआधी कोणी सूर्य पेटवला तरी काढायचं नाही."

"वाजंत्र्यात, एवढ्या गर्दीत... म्हणजे मला सगळा वेळ फक्त तुमच्याकडे बघावं लागेल."

"बघायचं. काम आहे ते."

"सरी," तो म्हणाला. हा कानडी होकार तो तिच्याकडूनच शिकला होता.

मंगलाष्टकं सुरू झाली. हौशी काकांचा फ्लॅश एकदा चमकला, दोनदा चमकला. फडक्याखालचा डोळा आंधळाच राहिला. भिंगातून तिला अंतरपाटाची कड दिसत होती, नवऱ्याच्या मुंडावळ्या दिसत होत्या, आणि त्यामागे तो. पापणी न हलवता तिच्याकडे बघणारा. शेवटचं सावधान झालं. भटजींची बोटं कापडावर घट्ट झाली. तिने मान हलवली, अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या आणि दोन्ही दिवे एकदमच लखलखले.

त्याच दुपारी डार्करूमच्या लाल उजेडात कागद रसायनात हलत होता आणि त्यावर हळूहळू चेहरे उमटत होते. नवरा उजळ. विद्या उजळ, नाकातल्या नथीच्या मोत्यापर्यंत. हवेत थांबलेल्या अक्षता. आणि कडेला उमाकांत. सगळा मंडप नवरानवरीकडे बघत होता, तो एकटा सरळ भिंगात बघत होता. कावेरी त्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत बसली, आणि मग ओला फोटो घेऊनच बाहेर आली.

नरसिंहरावांनी भिंग लावून, फोटो नाकापाशी धरून पाहिला. कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात ठेवली आणि त्रिविक्रमला निरोप द्यायला हवा असं म्हणत आत गेले. कावेरीचे डोळे भरून आले. पण उमाकांत दारात उभा होता आणि तिला त्याला एक गोष्ट विचारायचीच होती.

"हे बघा. फडकं काढून झालंय. हात खाली आलाय. मग अजून माझ्याकडे कशाला बघत होतात?"

त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"तुमचं काम संपलं होतं," ती म्हणाली.

"काम संपलं होतं... म्हणूनच. तोवर कामासाठी बघत होतो." त्याने चष्मा काढून पुसला, तो स्वच्छच होता. "कावेरी, मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी बल्ब पडला आणि तरी तुम्ही आधी फोटो घेतलात, तेव्हापासून."

पायरीवर पाऊस वाजत होता. ती किल्ली मुठीत धरून उभी राहिली.

"लग्नानंतरही स्टुडिओ मीच चालवणार."

"मी दिवा धरीन."

"सरी," ती म्हणाली. "पण आपला अंतरपाटाचा फोटो दुसऱ्या कोणी काढलेला मला चालणार नाही. तुमचा तो रेडिओ आणा आता."

परवान्याचा अर्ज त्याने दुसऱ्या दिवशी केला, आणि त्याच लहरींवर कॅमेऱ्याचा खटकाही पडेल अशी जोडणी केली. कागद यायला पाच महिने लागले, आणि मुहूर्त कागद आल्यावरच काढला गेला. लग्नाच्या सकाळी नरसिंहराव स्वतः छत्राच्या फाटकाशी उभे राहिले आणि घटका भरेपर्यंत त्यांनी गल्लीत एकाही स्कूटरला किक मारू दिली नाही.

तो फोटो पुढे स्टुडिओच्या काचेत लागला. त्यात दोघांचे चेहरे सारखेच उजळ आहेत. नवरी खाली बघत नाही, नवऱ्याकडे सरळ बघते आहे, आणि हाराखाली तिची उजवी मूठ रेडिओची कळ दाबून घट्ट मिटलेली आहे.