चारची हजेरी

तिएन शान पर्वतातल्या आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थराचा, अभ्यास करणाऱ्या भारतीय केंद्रात दुपारी तीन वाजता कळलं, की वरच्या हिमसरोवराचा बांध फुटलाय. पाणी पाचपर्यंत पलीकडच्या खोऱ्यात पोचणार होतं. तिथे, नदीकाठी तंबू ठोकून, केंद्रातला शास्त्रज्ञ शार्दूल गुप्ते एकटाच होता. हेलिकॉप्टर सहाच्या आत येणार नव्हतं. सॅटेलाइट फोन गुप्ते दरवर्षीप्रमाणे कपाटात विसरून गेला होता.

"रेडिओ आहे ना त्याच्याकडे?" केंद्रप्रमुख डॉ. सोहोनींनी विचारलं.

"आहे. बारा मेगाहर्ट्‌झवर," हेमांगी वर्तक म्हणाली. आयनमापक यंत्र तीच सांभाळायची. "पण मध्ये डोंगर आहे, सर. लाट सरळ वर सोडायची आणि ती आयनांबरावर आपटून खाली यायची, एवढाच मार्ग. आपल्या अक्षांशावर सात-आठपर्यंतच्या लाटा परततात. बारावालं सगळं आरपार अवकाशात जातं."

"मग बारा मंजूर कुणी केलं?"

"तुम्ही, सर."

रोज चारला रेडिओ लावून हजेरी द्यावी, असा नियम होता. ती कुणाला ऐकू यावी, असं नियमात नव्हतं.

"एक चांगली बातमी आहे," हेमांगी म्हणाली. "चुंबकीय वादळ आलंय."

"ही चांगली?"

"पहिले काही तास. वादळ आयनांबराला वर ढकलतं. तिथे इलेक्ट्रॉन जास्त टिकतात, गर्दी वाढते, आरसा दाट होतो. मग तिथल्या हवेची घडणच बदलते आणि तो नेहमीपेक्षा विरळ होतो. आत्ता अकरापर्यंतच्या लाटा परततायत. चढतंय."

चार वाजले. आधी नुसती खरखर. मग आवाज आला.

"चारची हजेरी. गुप्ते जिवंत. सोहोन्या, तुझ्या टकलावर अँटेना बसवली तर केंद्राला काहीतरी उपयोग होईल तुझा."

"परततंय," सोहोनी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "हेमांगी, परततंय."

गुप्ते बटण सोडेपर्यंत त्यांना बोलता येणार नव्हतं, आणि त्याच्याकडे वर्षभराच्या शिव्यांचा मजकूर होता. तो अकरा मिनिटं चालला. शेवटी सवयीने "ओव्हर" म्हणून त्याने बटण सोडलं.

"गुप्ते, मी सोहोनी. पाणी येतंय. टेकडीवर चढ. ओव्हर."

"कोण सोहोनी? ओव्हर."

"टक्कलवाला. पळ."

हेलिकॉप्टरने त्याला टेकडीच्या माथ्यावरून सुखरूप आणलं. पाठीवर रेडिओ, घसा बसलेला.

"सर, तुम्ही काहीच बोलला नाहीत," तो म्हणाला. "पावणेपाचपासून माफी मागतोय."

हेमांगीने आलेख पाहिला. "पावणेपाचला नऊपर्यंतच परतत होतं. माफी गेली आरपार."

"परत मागू का, सर?"

"चहा घे आधी," सोहोनी म्हणाले. "शिव्या वेळेवर पोचल्या, बास."