उत्तर आल्यावर कळवू

पोह्यांत मीठ किती घालायचे, असे डॉ. अन्वी मडावीच्या मनात येऊ लागले आणि कानामागच्या मण्याने सांगितले, ‘एक चमचा, सपाट.’ तिने तेवढे घातले. रोज सकाळी ती पोहे करी आणि रोज मणी तिला हेच सांगे.

तांदळाच्या दाण्याएवढा तो मणी आता जवळपास सगळ्यांकडेच होता. एखादी गोष्ट ठाऊक नसली की मेंदूत एक बारीक ताण उठतो. मणी तो ताण ओळखी, जगभरच्या माहितीतून उत्तर काढी आणि प्रश्नाचे शब्द जुळायच्या आत कानात सांगून टाकी. अन्वीला तो पहिलीत असताना बसवला होता.

डबा घेऊन ती सोनखांबच्या रुग्णालयात आली. ती तिथेच डॉक्टर होती, पण डबा धाकट्या भावासाठी होता. आठवड्यापूर्वी ओजसची बोटे बधिर झाली, मग तळवे, मग कोपरापर्यंत हात.

“चमचा तूच धर, ताई,” ओजस म्हणाला. “काल मी धरला तर नाकात गेला.”

“जीभ बरी शाबूत आहे तुझी.”

“ती सगळ्यात शेवटी जाणार. आई म्हणतेच.”

मेंदूच्या चुंबकीय तपासण्या पुन्हा पुन्हा होत असल्याने ओजसचा मणी काढून ठेवला होता. पहिले दोन दिवस तो नुसता तळमळला. आता तो छताकडे बघत तासन् तास गप्प पडून राही.

अन्वीने त्याच्या खांद्यावर सुई टोचली. त्याला कळले नाही. गळ्याच्या हाडाखाली टोचली, मग पहिल्या बरगडीवर. तो शांतपणे तिच्या तोंडाकडे बघत होता. बधिरता श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेली की काय होईल, हे मण्याने तिला लगेच सांगितले. आजार कशाने झाला, यावर मात्र पहिल्या दिवसापासूनचे तेच वाक्य आले: ‘या लक्षणांची नोंद नाही. उत्तर आल्यावर कळवू.’

ओजस आजारी पडेपर्यंत हे वाक्य तिने आयुष्यात ऐकले नव्हते.

“एवढी काय घाबरतेस?” बाहेर भेटलेला तिचा सहकारी इरफान तांबोळी म्हणाला. “जिल्ह्यातल्या सगळ्या डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारलाय. मीपण सकाळपासून लावून धरलाय. एवढे लोक मागे लागलेत म्हटल्यावर उत्तर येणारच.”

“ओजसकडे तेवढा वेळ नाहीये, इरफान.”

“अगं, आजवर कधी उत्तर आलंच नाही असं झालंय का? आधी चहा घे.”

तिने चहा घेतला नाही. तेच वाक्य पुन्हा ऐकवेना, म्हणून मणी काढून खिशात टाकला आणि वॉर्डात परत जाऊन ती ओजसच्या पडद्यापलीकडे असलेल्या, त्याच आजाराच्या रतनबाईंजवळ बसली.

“कधीपासून होतंय, मावशी?”

“काय सांगू बाई तुले! पोट्ट्यानं तलावातला मासा आणला. पाणी लाल झालं हाय यंदा तलावाचं, पन मासा ताजा होता. रस्सा केला, पोटभर जेवलो, अन् सकाळी बोटं मुकी.”

पलीकडच्या खाटेवर ट्रकचालक दिलीप होता. “तलावाच्या धाब्यावर तळलेला मासा हानला, गाडीत बसलो, तर स्टिअरिंग हाताले लागेचना. म्या म्हटलं, धाबेवाल्यानं काही पाजलं का काय!”

रतनबाई हसल्या. अन्वीही हसली. ओजसने मित्रांबरोबर तलावावर जाऊन मासे भाजले होते, हे तर तिला ठाऊकच होते.

तिघांची हकीकत तिला शब्दन् शब्द आठवत होती. काहीतरी तिला आतून ओढू लागले. पूर्वीची माणसे या ओढीमागे जात. ओढ सहन करत, चुकत, पुन्हा मागे येत. अन्वीच्या मनात ती पहिलीपासून क्षणभरही टिकली नव्हती. त्यामुळे तिला ती ओळखूच आली नाही. छाती धडधडू लागली, तळहात घामेजले. मणी काढल्याचा त्रास असावा, असे वाटून तिने तो पुन्हा बसवला. ओढ लगेच शमली. किती बरे वाटले!

ती ओजसजवळ परतली तेव्हा तो दोन शब्दांमध्ये थांबून श्वास घेत होता. पडद्यापलीकडचे बोलणे त्याने ऐकले होते.

“ताई, रतनबाईंनी... मासा कुठला खाल्ला?”

अन्वीच्या मेंदूत बारीक ताण उठला. मण्याने तो लगेच टिपला: ‘सोनखांब तलावात मरळ आणि रोहू आढळतात. मासा प्रथिनांचा उत्तम स्रोत असून पचायला हलका असतो.’ ताण विरला.

“तलावातला,” ती म्हणाली. “मासा चांगला असतो, ओजस. तू बरा झालास की करून घालते.”

ओजसने मान हलवली. त्याला हे म्हणायचे नव्हते. गेले दोन दिवस त्याच्या डोक्यात काहीतरी अडखळत, हळूहळू जुळू लागले होते, आयुष्यात पहिल्यांदाच.

“नाही... ताई, ऐक. आम्ही तिघंही...”

“बोलू नकोस, दम लागतोय.” तिने हळूच त्याच्या ओठांवर हात ठेवला. “सगळ्यांनी विचारलंय. उत्तर येईल.”

त्याचे ओठ तिच्या हाताखाली हलत राहिले. तो काय सांगत असेल, हे कधी तिच्या मनात येईल का?