उष्टी वीट

धडधाकट जनावराला चाळीस दिवस एकटं का कोंडायचं? आमच्या आंबेझरीच्या हरीण केंद्रात नवा चितळ आला, तेव्हा मला हेच कोडं पडलं. गडी चांगला टुणटुणीत होता. तरी टिपण्या या आमच्या रोबोने त्याच्या कानातला बिल्ला वाचला आणि त्याला लांबच्या कुंपणात धाडलं. मला टिपण्याचा भारी राग आला.

चितळाने चाटायला ठेवलेली मिठाची वीट अर्धीच चाटून सोडली होती. वाया कशाला घालवा, म्हणून मी ती कुंपणाखालून ओढली आणि माझ्या लाडक्या चिमणीला दिली. या हरिणीला मी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. रविवारी तिचा कळप जंगलात सोडायचा होता.

शनिवारी चितळाच्या रक्तात रोगाचे जंतू सापडले. टिपण्याने नोंदी चाळून सांगितलं, की चितळ कोणालाही भेटलेला नाही, कळप सुरक्षित आहे. केंद्र सांभाळणारे माझे आजोबा, डॉक्टर देवाजी नेवारे, कळप सोडायच्या परवान्यावर सही करायला बसले. बोलले तर चिमणी अडकणार, आणि गप्प बसले तर?

"आबाजी, मी त्याची उष्टी वीट चिमणीला दिली."

आबाजींनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त रडू आलं. मग त्यांनी समजावलं. जंतू शिरले तरी जनावर लगेच आजारी दिसत नाही. या मधल्या दिवसांना अधिशयन काळ (लक्षणं दिसण्याआधीचा काळ) म्हणतात. त्या काळातही लाळेतून जंतू पसरत राहतात. म्हणून विलगीकरण (नव्या जनावराला वेगळं ठेवणं) करायचं. जंगलातल्या हरणांच्या कानात बिल्ले नसतात. तिथे रोग शिरला, तर कोणाला शोधणार?

"आणि उष्टं म्हणजे काय?" टिपण्याने विचारलं. त्याच्या यादीत हा शब्दच नव्हता. मीच त्याला शिकवला.

चितळावर उपचार सुरू झाले. कळप आणखी चाळीस दिवस थांबला. त्या दिवसांत झालेल्या तिन्ही तपासण्यांत चिमणी निरोगी निघाली. फाटक उघडलं, तशी ती मागे वळूनही न पाहता झाडीत शिरली. मला वाईट वाटलं, आणि खूप बरंही वाटलं.

आता टिपण्या राज्यातल्या सगळ्या केंद्रांच्या रोबोंना तो शब्द शिकवतोय. आमच्या फाटकावर तर तो माझा डबासुद्धा अडवतो आणि गंभीरपणे विचारतो, "उष्टं आहे का?"