आमचा एक कमी हाय

ही ऐकीव गोष्ट नाही. अंबूबाई माझी थोरली जाऊ. आमचं दोघींचं कधीच पटलं नाही, तेव्हा तिच्यासाठी मी खोटं लिहीन असं कुणी समजू नये.

गेल्या फाल्गुनातली दुपार. जागा, पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या कुशीतला भट्टीमाळ.

आज तिथं कुत्रंसुद्धा नाही. पण एके काळी अठरा घरं होती. कोळशाचा ठेकेदार आला, जंगल पडायला लागलं आणि गुरं राखणारे आम्ही भट्ट्या लावायला शिकलो. लाकडं रचायची, वर पाला, वर ओली माती. आत धुमसत ठेवायचं. रोज ट्रक भरायचा. गणपतीत बँजो वाजायचा. तोऱ्यात होतो आम्ही.

मग झाडं संपली. झरा आटला. ठेकेदार एक दिवस आला नाही, तो आलाच नाही. घरांची कौलं उतरली. कुणी मुंबईकडं दिव्याला गेलं, कुणी महाडला. मी दासगावला आले.

राहिलं ते अंबूबाईचं घर. तिचा नवरा हरिबा हटेना.

"उरल्या लाकडाची एक भट्टी काढतो, मग येतो."

"तुमची भट्टी नि तुम्ही! मी हितं परत पाय ठेवायची नाय."

असं बोलून ती मुलाबरोबर, राजूबरोबर, महाडला उतरली.

चौथ्या दिवशी राजू वर गेला. भट्टी खचलेली...

हरिबा नव्हता.

वर चढून माती दाबताना आत गेला असेल, असं लोक म्हणाले. हाडसुद्धा सापडलं नाही. राजूनं ओंजळभर राख सावित्रीत सोडली. ती लाकडाची की माणसाची, कोण सांगणार?

बारा वर्षं अंबूबाईनं बोललेलं पाळलं. पण नातीचं, समीक्षाचं, लग्न ठरलं. पहिली अक्षत माळावरच्या देवाला द्यायची असते. आणि तिला हरिबालाही सांगायचं होतं. हे ती कबूल करणार नाही. मला कळतं.

बरोबर सून होती, माधुरी.

"आई, हळू चला."

"तू चल हळू. मी दोन भारे घेऊन पळायची हितनं. तू मोबाइल घेऊन धापा टाकतेस!"

देवापुढं अक्षत ठेवली. अंबूबाई तिच्या घराच्या जोत्यावर बसली. चार दगड, एवढंच घर उरलेलं.

इथं आमची रीत सांगते. रचलेल्या लाकडांत मधे पोकळी असायची. पोरं त्यात लपायची. म्हणून भट्टीचं तोंड बंद करण्याआधी मुकादम येसाजी ओरडायचा, "तोंड लिपतो रे!" मग घरागणिक उत्तर यायचं, "आमची सारी हायत!" एक जरी कमी असला तरी सारा माळ त्याला शोधायचा. सापडेपर्यंत तोंड उघडं.

अंबूबाई बसली होती. पाखरं गप्प झाली...

ओल्या मातीचा वास आला. फाल्गुनात!

मग आवाज...

"तोंड लिपतो रे ऽऽ!"

येसाजीचा. त्याला जाऊन दहा वर्षं झालीत.

"आमची सारी हायत!" वरच्या अंगानं उत्तर आलं. मग दुसऱ्या घराचं. तिसऱ्या. मेलेल्यांचे आवाज आणि जित्यांचेही. सातवा आवाज माझा होता, असं ती शपथेवर सांगते.

सतरा घरं झाली.

मग काहीच नाही...

अठरावं तिचं. सगळा माळ थांबलेला.

माधुरीला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तिनं फक्त सासूला उठताना बघितलं. जन्मात कुणापुढं न रडलेली ती बाई पदर तोंडात कोंबून उभी होती. मग पदर काढला आणि ओरडली,

"आमचा एक कमी हाय! माझा माणूस कमी हाय!"

आणि वाळका पाला वाजायला लागला...

हे मात्र माधुरीनंही ऐकलं. चारी बाजूंनी पावलं. दहा, वीस, चाळीस. दिसत कुणीच नव्हतं.

माधुरीनं सासूला ओढतच खाली आणलं.

त्या दुपारी मी दासगावला जेवून पडले होते. चहाला उठले तर माझी सून अक्षदा किंचाळली.

"आई, पायाला काय लागलंय?"

दोन्ही तळवे काळे. कोळशाची भुकटी, बोटांच्या बेचक्यांत वाळका पाला. आमच्या घरात गॅस आहे.

तीन दिवसांनी अंबूबाई आली आणि तिनं हे सगळं सांगितलं. घासूनही काळेच राहिलेले पाय मी पातळात ओढून घेतले. पण तिनं बघितलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा हात धरला.

"ठके, त्यांना कुठवर शोधलंस गो?"

मला काही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण तिचं तोंड बघवेना.

"वढ्यापातूर," मी म्हटलं.

"वढ्याच्या पल्याड बघ. करवंदीची जाळी हाय. दुपारचे थितं पडायचे."

लग्न झालं. पावसाळाही गेला. अजून मधेच एखाद्या दुपारी माझे तळवे काळे होतात. अक्षदा म्हणते, दुपारचं झोपू नका.

भीती वाटते मला. खोटं कशाला सांगू?

पण झोपते. त्या जाळीत कुणीतरी बघायला नको?