आधी गेममधली सेटिंग

कॉम्प्युटर मांडीवर धरून मी दिंद्रुडहून एसटीनं माजलगावच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले ती भांडायलाच. याच दुकानातून घेतलेला, आणि गेम अडकतो म्हणजे काय! पण मालक लग्नाला गेलेले. काउंटरवर एक नवाच मुलगा होता... अजिनाथ. पापण्या एवढ्या लांब की मला हेवा वाटला.

त्यानं गेम चालवून बघितला आणि हसला.

"कावून हसता?"

"गेमचं चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड ठणठणीत हाय. पर ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, त्याच्या सेटिंगमदी कुणी हात घातला?"

"मीच. तिथं एकदा लावलं की सगळ्या गेमला लागतं. परत्येक गेममदी कोण जाऊन बसणार?"

"तिथंच घोळ हाय. गेम एक ठरवतो, तुमी वरून दुसरंच लादता. गेममदी सोय असली की गेममदीच लावायचं. तिथं नसलीच, तर ड्रायव्हर."

त्यानं मी ड्रायव्हरमध्ये लावलेलं सगळं काढून गेमवर सोपवलं, गेममधल्या सावल्या कमी केल्या. गेम सरळ पळू लागला. भांडण राहिलंच.

मग दर शनिवारी माझं काही ना काही बिघडायला लागलं.

"आज काय मोडलं?" तो विचारायचा.

"तूच शोध की —"

दोन महिन्यांनी एका गुरुवारी घरी आले, तर त्याची आई बायडाबाई माझ्या वडलांसमोर, अण्णांसमोर बसलेली. मला मागणी घालायला! आमच्याकडची रीतच ती. मुलीला सगळ्यात शेवटी कळतं. बायडाबाई गेल्यावर अण्णा म्हणाले, "पोरगं बरं हाय. हो कळवतो."

"थांबा," म्हणाले मी. मला तोच हवा होता, तरी डोकं फिरलं. तशीच दुकानात गेले.

"मला इचारलंस?"

"तुमच्या अण्णांना —"

"अण्णा नांदणार हायत का तुझ्यासंगं? मला शिकवतोस गेममदीच लाव म्हणून, अन् सोता थेट ड्रायव्हर गाठतोस?"

त्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"भ्यालो. तू न्हाई म्हणली असतीस, तर शनिवारचं येणंबी बंद झालं असतं."

माझा राग अर्धा तिथंच गेला.

"अण्णा हो म्हणले तरी मी न्हाई म्हणू शकते. कळतंय?"

"कळतंय."

"मग इचार."

झेरॉक्सला आलेली दोन माणसं आमच्याकडेच बघत होती. त्यांच्यादेखत तो उठून उभा राहिला. कान लाल झालेले.

"संस्कृती... मला तू लई आवडतीस. लग्न करशील माझ्याशी?"

मी फोन काढला, त्याच्याकडे बघतच नंबर लावला.

"अण्णा, बायडाबाईंना आता कळवा. मी हो म्हणलेय."